मागच्या गल्लीतला घाव

१

नवजीवन लेआउटच्या मागच्या गल्लीत प्रियंका सोमकुंवर सापडली तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. नाल्यावरचं धुकं घरांच्या कुंपणापर्यंत आलं होतं. सरकारी दवाखान्यातली ही तरुण नर्स कडुलिंबाखाली पडली होती आणि तिच्या गळ्यातून रक्त वाहत होतं. उशाशी विजय कामडे गुरुजी बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. प्रियंका त्यांच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. आपल्या खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही हातांनी तिच्या गळ्यावर दाबून धरत ते लोकांना हाका मारत होते.

सगळ्यात आधी श्रुती आली. ती बँकेत कामाला होती आणि तिचं घर गल्लीला लागूनच होतं. पाठोपाठ हार्डवेअरचं दुकान चालवणारा पंकज बालपांडे गाडी घेऊन आला. हा लेआउटच्या सुरक्षा समितीचा सचिव. श्रुतीनं मागच्या सीटवर पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. गुरुजींनी दुपट्टा तिच्या हाताखाली सरकवला आणि ते बाजूला झाले. गाडी आधी इथल्या दवाखान्यात आणि तिथून थेट नागपूरला गेली.

दुपारपर्यंत सगळ्या पांढुर्ण्यात एकच विषय होता. जिल्हा झाल्यापासून गाव भराभर वाढलं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, कापसाची वावरं मोडून प्लॉट पडले. त्याच्या मागोमाग दुसरंही काही आलं होतं. बसस्टँडजवळ दारूच्या भांडणात एकाला भोसकलं होतं. एका व्यापाऱ्याला रस्त्यात अडवून मारलं होतं. आणि महिनाभरापूर्वी याच मागच्या गल्लीत मोटरसायकलवरच्या दोघांनी गुरुजींच्या बायकोची, सुधाबाईंची, गळ्यातली पोत ओढून नेली होती. त्या झटापटीत बाईंचा हात मोडला, तो अजून प्लास्टरमध्येच होता. आता तर एका नर्सच्या गळ्यावर चाकू चालला. पहिलं पांढुर्णा राहिलं नाही, असं ओट्याओट्यावर लोक म्हणत होते, आणि बाया पोरींना अंधार पडायच्या आत घरात घेत होत्या.

दिवस मावळायच्या आत पोलिसांनी लोधीखेड्याहून अंकुश वासनिकला धरून आणलं. तो रोज प्रियंकाच्या मागे फिरायचा हे बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. त्याच्या पिकअप गाडीत चाकूही मिळाला.

२

उपनिरीक्षक करुणा गजभिये मूळची सौंसरची. पांढुर्ण्याच्या पोलीस थान्यात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. थान्याचे प्रमुख असलेल्या टीआय साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की आरोपी हाती आला आहे, आता फक्त लेआउटमधल्या लोकांचे बयान तेवढे नीट घ्या. शुक्रवारी लोक बाजार बंद ठेवून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेणार होते. त्याआधी प्रकरण पक्कं झालेलं साहेबांना हवं होतं.

करुणा आधी गल्लीत गेली. एका बाजूला घरांच्या मागच्या भिंती, दुसऱ्या बाजूला नाला. मध्यावर, नाल्याच्या कडेला जुना कडुलिंब, त्याच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे. त्याच्या समोर, भिंतींच्या बाजूला रस्त्याच्या दिव्याचा लोखंडी खांब, त्यावरचा दिवा कित्येक दिवस बंद होता. रक्त कडुलिंबाखाली सांडलं होतं. प्रियंकाची स्कुटी मात्र तिथं नव्हती. ती बरीच पुढे, नाल्यावरच्या पुलियाजवळ आडवी पडलेली मिळाली होती. चाबी लागलेली, डिक्कीत पर्स आणि मोबाइल जसेच्या तसे.

चोरी नाही, हे उघडच होतं. पण स्कुटी पुढे आणि रक्त मागे, हे करुणाला खटकलं. कोणी तिला थांबवून वार केला असता, तर स्कुटी तिच्याजवळच पडली असती. साहेब म्हणाले होते की मागून धावत येऊन खाली ओढलं असेल. करुणाला ते पटलं नव्हतं.

श्रुतीच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडत होती. त्या पहाटे ती नळाचं पाणी भरत होती. काहीतरी घासत जाऊन पडल्याचा आवाज तिला आला, तेव्हा दूधवाल्याची कॅन पडली असेल असं तिला वाटलं. मग गुरुजींच्या हाका आल्या. त्याच्या मध्ये काही ऐकलं का, असं करुणानं विचारलं. श्रुतीनं आठवून पाहिलं आणि नाही म्हणाली. अंकुशला तिनं बरेच दिवस लेआउटच्या फाटकाशी मोटरसायकल लावून उभा असलेला पाहिलं होतं. दवाखान्यासमोर प्रियंका त्याला मागे येऊ नको म्हणून सगळ्यांदेखत बोलली होती, हेही तिनं सांगितलं.

पंकज दुकानात होता. समोरचं फाटक सूर्य उगवेपर्यंत कुलूप लावून ठेवायचं, असं समितीनं गेल्याच आठवड्यात ठरवलं होतं, आणि चाबी चौकीदाराजवळ असायची. नाइट ड्युटीवरून लवकर यावं लागलं तर मी कुठून येऊ, असं प्रियंकानं बैठकीत विचारलं होतं, आणि पंकजनं तिला एकाच्या सोयीपेक्षा सगळ्यांचा जीव मोठा असं ऐकवलं होतं. ते सांगताना त्याचा आवाज जरा उतरला. पण लगेच तो म्हणाला,

"मॅडम, वाईट नका मानू. अंकुश तुमच्या समाजाचा आहे. लोक बोलून राहिले."

"प्रियंकाही माझ्याच समाजाची आहे, भाऊ," करुणा म्हणाली, आणि तिनं पुढचा प्रश्न विचारला.

शेवटी ती कामडे गुरुजींकडे गेली. अंगणात सुधाबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्रियंका रोज आपलं बीपी कशी पाहायची, मोडलेल्या हातामुळे वेणी घालता येत नाही म्हणून ती कशी घालून द्यायची, हे त्यांनी सांगितलं. गुरुजींनी चहाचा कप बाजूला ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले,

"मी देवाले फुलं आणाले निघालो होतो, बाई. किंकाळी ऐकली अन् धावलो."

करुणानं त्यांना जास्त त्रास दिला नाही. ती अंगणातून निघत होती तेव्हा थान्यातून फोन आला. कालपासून तोंड न उघडलेला अंकुश आता बोलायला तयार होता, पण फक्त गजभिये मॅडमशी.

३

अंकुश सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, सडपातळ पोरगा. बागांमधून संत्री उचलून मंडीत पोचवायचं काम करायचा. मी पळालो नव्हतो, असं त्यानं सांगितलं. लोधीखेड्याला एका बागेत माल भरायचा होता, आणि चाकू कॅरेटची सुतळी कापायचा होता.

"मग तिच्या मागं काहून फिरत होता?" करुणानं विचारलं.

अंकुश भिंतीकडे पाहत बोलला.

"सांगू नको म्हणून शपथ घातली होती मले. तिच्या मायनं."

मग त्यानं एकेक सांगितलं. प्रियंकाची आई प्रमिला रामाकोन्याला राहायची. अंकुशच्या आईची ती दूरची बहीण, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा. लेक ज्या घरात राहते त्या घरच्या बाईची पोत ओढली, हात मोडला, हे ऐकल्यापासून प्रमिलाला झोप नव्हती. तिनं अंकुशला विनवलं, पोरगी ड्युटीवर जाते-येते तेव्हा तिच्या मागं गाडी ठेव बापा, पण तिला कळू देऊ नको. ती रागावेल. मी कमावती आहे, मला राखण कशाला, असं म्हणेल. प्रियंकाला तो दिसायचाच, आणि तिचा व्हायचा तो गैरसमज झाला. ती चारचौघांत बोलली तरी यानं शपथ मोडली नाही.

त्या दिवशी प्रियंका पहिल्या बसनं रामाकोन्याला जाणार होती, म्हणून सोबतिणीनं तिला ड्युटीवरून लवकर सोडलं होतं. आईनं ते अंकुशला कळवलं होतं. तो तिच्या मागे फाटकापर्यंत आला. फाटकाला कुलूप होतं. तिनं चौकीदाराला हाका मारल्या, कोणी आलं नाही, तेव्हा तिनं स्कुटी मागच्या गल्लीकडे वळवली.

"घर आलंच होतं म्हणून मी तिथून परतलो," अंकुश म्हणाला.

टीआय साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मावशी खरोखर असं म्हणाली असेल तर ती गप्प का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. करुणानं दुसऱ्या दिवशी सकाळीच सौंसरची वाट धरली आणि तिथून ती रामाकोन्याला पोचली.

४

प्रियंकाचे वडील दादाराव नागपूरला दवाखान्यात लेकीजवळ होते. प्रमिला कपडे न्यायला तेवढी घरी आली होती आणि पिशवी भरत होती. पोलिसांनी कोणाला तरी धरलं एवढंच तिच्या कानावर आलं होतं. कोणाला, हे सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि तिचा मोबाइल बंद होऊन पडला होता.

करुणानं नाव सांगितलं तशी तिनं पिशवी खाली ठेवली.

"अंकुशले? अवो बाई, त्याले तं मीच ठेवलं तिच्या मागं. माह्या भीतीपायी तो पोरगा जेलात गेला काय?"

करुणानं तिला पाणी दिलं. मग तिची पिशवी आपल्या गाडीत ठेवली आणि दोघी नागपूरला निघाल्या. पोरीला शहरात ठेवलं की जीव असा टांगणीला लागतो, असं प्रमिला वाटेत म्हणाली.

प्रियंकाच्या जिवाचा धोका टळला होता, पण गळ्यात नळी होती आणि ती गुंगीत होती. तिच्यावर शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर करुणाला बाजूला घेऊन गेले. त्यांना या जखमेबद्दल पोलिसांशी बोलायचंच होतं. चाकूचा घाव एका बाजूला खोल असतो आणि दुसरीकडे उथळ होत जातो, ते म्हणाले. हा तसा नव्हता. दोन्ही बाजूंना सारखा, समोरून सरळ, अगदी बारीक. आत मात्र स्वरयंत्र ठेचल्यासारखं झालं होतं.

"मग कशानं झालं?"

"ताणून बांधलेल्या पातळ वस्तूनं. तिच्यावर कोणी वार केलेला नाही. ती स्वतःच वेगात त्यावर जाऊन आदळली आहे." मग डॉक्टर म्हणाले, "ज्या माणसानं दुपट्टा दाबून धरला, त्याच्यामुळे ती वाचली. त्याला सांगा."

करुणा निघाली, आणि दारातून परत आली. घाव बसल्यावर ती ओरडली असेल का, असं तिनं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "आवाज निघणं शक्यच नव्हतं."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा पुन्हा मागच्या गल्लीत उभी होती. सोबत महिला शिपाई पूजा आपली स्कुटी घेऊन आली होती. काय शोधायचं ते आता ठाऊक होतं, त्यामुळे फार वेळ लागला नाही. कडुलिंबाच्या बुंध्यावरच्या चुन्याच्या पट्ट्यात एक बारीक खाच होती. आतली साल ओली आणि ताजी होती. समोरच्या खांबाचा रंगही एका बारीक रेषेत खरवडला गेला होता, आणि खालचं लोखंड अजून चमकत होतं. गंज धरायला त्याला सवड मिळाली नव्हती.

पूजानं उभं राहून पाहिलं. रेष तिच्या छातीपाशी येत होती.

"गळा तं वर आहे, मॅडम," ती म्हणाली.

"प्रियंका उभी नव्हती," करुणा म्हणाली. ती स्कुटीवर बसली, आणि पूजाला तिनं झाडाच्या खाचेत दोरी बांधून ती खांबापर्यंत ताणून धरायला सांगितली. दोरी बरोबर तिच्या गळ्यासमोर आली.

स्कुटी पुढे आणि रक्त मागे का, याचं उत्तर समोर होतं. तारेनं प्रियंकाला मागे फेकलं, आणि रिकामी स्कुटी घासत पुलियापर्यंत गेली. श्रुतीनं ऐकला तो त्याचाच आवाज.

अंकुशनं वार केला नव्हता. वार कोणीच केला नव्हता. पण या गल्लीत कोणीतरी तार बांधली होती, आणि लोक गोळा झाले तेव्हा ती कोणाला दिसली नाही, म्हणजे त्या गडबडीतच कोणीतरी ती काढूनही घेतली होती.

६

करुणा पुन्हा पंकजच्या दुकानात गेली. तार म्हणताच त्याचा चेहरा उतरला. तशी तार तो विकायचा. पण बागांना कुंपण घालणारा प्रत्येक जण ती त्याच्याकडून न्यायचा. मग त्यानं स्वतःहूनच एक गोष्ट सांगितली. फाटकाला कुलूप लावायचं ठरलं त्या बैठकीत कोणीतरी म्हणालं होतं, पुढून कुलूप आणि मागून मोकळं, मग काय उपयोग? मागच्या गल्लीत तार ओढा, चोरट्यांची गाडी आपोआप पडेल.

"सगळे हसलो आम्ही," पंकज म्हणाला. "मस्करीच होती ते."

"सगळे?"

पंकजनं आठवून पाहिलं. "गुरुजी नसतील हसले. काकूंच्या हातापासून ते हसतच नाहीत."

करुणा थान्यात आली आणि तिनं टीआय साहेबांसमोर सगळं शांतपणे मांडलं. आधी धुक्यात आणि अंधारात तार कोणाला दिसली नाही, आणि गाडी गेल्यावर ती निघाली. पंकज गाडी चालवत होता, श्रुती प्रियंकाला धरून मागे बसली होती, आणि दोघंही संध्याकाळपर्यंत नागपुरात होते. इतर लोक नंतर जमले. गल्लीत एकच माणूस मागे उरला होता. प्रियंकाचा जीव ज्यानं आपल्या हातांत धरून ठेवला होता, तोच गाडीत का बसला नाही? आणि जी किंकाळी तिच्या गळ्यातून निघणं शक्य नव्हतं, जी खिडकीत उभ्या श्रुतीलाही ऐकू आली नाही, ती त्याला कशी ऐकू आली? ती ऐकू आलीच नव्हती, धावत येण्याला काहीतरी कारण सांगावं लागलं म्हणून तो तसं बोलला. खरं कारण तर सांगता येण्यासारखं नव्हतं. लोक उठायच्या आत तार काढायलाच तो घरून निघाला होता.

साहेब म्हणाले, "तुम्हीच जा. गाडी घेऊन जा, पण सायरन नको."

गुरुजी अंगणात ऊन खात बसले होते. करुणानं समोर खुर्ची घेतली. डॉक्टरांनी जे सांगायला सांगितलं होतं ते तिनं आधी सांगितलं, की तुमच्या दुपट्ट्यानं पोरगी वाचली. गुरुजींनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

"तार कुठे आहे, गुरुजी?" तिनं विचारलं.

सुधाबाई नवऱ्याकडे पाहतच राहिल्या. ते उठले, आत गेले आणि धान्याच्या कोठीमागून तारेचं वेटोळं घेऊन आले. ते करुणाच्या हाती देऊन ते पुन्हा बसले.

दोन रात्री ती तार त्यांनी बांधली होती. अंधार पडला की बांधायची, पहाटे काढायची. बायकोची पोत गेली, हात मोडला, आणि आपण घरात बसून राहिलो, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. ते दोघं पुन्हा येतील आणि या वेळी पडतील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. प्रियंका सकाळी ऊन आल्यावर फाटकातून येते, म्हणून तिची त्यांना काळजी वाटली नव्हती. फाटक लवकर उघडत नाही आणि ती लवकर येऊ शकते, या दोन गोष्टी, तिनं बैठकीत विचारूनही, त्यांनी एकत्र करून पाहिल्याच नव्हत्या.

"तार बांधली ती चोरांसाठी, ते मी समजू शकते," करुणा म्हणाली. "पण अंकुशला नेलं हे तुम्ही ऐकलं होतं."

"ऐकलं होतं."

"मग?"

"वाटलं, त्याच्या हातून काही झालं नाही, तं पोलीस सोडतीनच. उद्या सोडतीन. मग परवा." ते खाली पाहत म्हणाले, "जन्मभर पोरांले सांगितलं, खरं बोला."

सुधाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांनी एकच विचारलं, अन् पोरीले काय झालं म्हणून मी तुम्हाले विचारलं तेव्हा? मग त्या उठल्या, आत गेल्या, नवऱ्याची चप्पल आणून त्यांच्या पायाशी ठेवली, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

७

शुक्रवारी बाजार बंद राहिला नाही. आदल्या संध्याकाळीच बातमी पसरली होती. समितीची बैठक भरली. श्रुती उठून म्हणाली की मी जे पाहिलं तेच सांगितलं होतं, पण काय पाहिलं ते मला समजलं नव्हतं. फाटकाचं कुलूप पंकजनं स्वतः काढलं. गल्लीतला दिवा लावा, असा अर्ज घेऊन मात्र ते सगळे नगरपालिकेत गेले. पोत ओढणारे दोघं अजून मोकळेच होते, आणि त्यांची भीती काही कोणाच्या मनातून गेली नव्हती.

नागपूरला प्रियंका शुद्धीवर आली. नळी निघाल्यावर तिचा आवाज फाटका, वाऱ्यासारखा येत होता. करुणानं तिला सगळं सांगितलं, अंकुशचं आधी आणि गुरुजींचं नंतर. गुरुजींचं ऐकून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळानं तिनं आईचा हात ओढून जवळ घेतला आणि कष्टानं म्हणाली, "मले सांगितलं असतं, तं मीच त्याले संग घेऊन आली असती."

अंकुश शनिवारी दुपारी सुटला. थान्याच्या पायऱ्यांवर करुणानं त्याला गाडीत बस म्हटलं, घरापर्यंत सोडते. तो तिथंच थांबला.

"नको, मॅडम. पोलिसाच्या गाडीतून उतरलो तं लोक म्हणतीन, पुन्हा धरला."

करुणाला ते पटलं. तिनं ड्रायव्हरला परत पाठवलं आणि ती त्याच्यासोबत पायी निघाली. भर दुपार होती. बाजारात संत्र्याचे ढीग लागले होते, हॉटेलांपुढे माणसं उभी होती. दोघं जवळ आले की बोलणी थांबत होती. अंकुश आधी खाली पाहून चालत होता. मग त्यानं मान वर केली, पण कोणाकडे पाहिलं नाही.

मशिनरीच्या दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं वर्दी पाहिली, शेजारचा पोरगा पाहिला, आणि नेहमीच्या उत्सुकतेनं विचारलं,

"कुठं घेऊन चालल्या मॅडम याले?"

"घरी," करुणा म्हणाली. म्हाताऱ्याला नीट ऐकू गेलं नसावं असं वाटून ती थांबली, आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "त्याच्या घरी."